शेवटचं नीट झोपला कधी?

रात्रीचे तीन वाजून गेले होते आणि दादा भिंतीवरचं घड्याळ खाली काढून त्याचे काटे उपटत बसला होता. वेळेचं गणित त्याला सुटलं होतं म्हणे, आता काट्यांची गरज उरली नव्हती. आवाज आनंदी होता. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण मानसिक संकट म्हटलं की गुडघ्यात डोकं घालून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. आमच्या घरातलं संकट गात होतं. इतका प्रसन्न दादा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्या प्रसन्नतेचीच भीती वाटत होती. वहिनी दारात उभ्या होत्या. हातात मोबाइल, आणि कुणाला फोन लावायचा ते न सुचून यादीतल्या नावांवरून नुसतं बोट फिरवत होत्या.

मी आले ती त्यांनी बोलावलं म्हणून. येताना मनाशी पक्कं ठरवलं होतं की दादा माझं ऐकतो, मी समजावेन.

दोन तास समजावलं. दादा, असं कुणाला एका रात्रीत गणित सुटत नाही. दादा, तू थकला आहेस. दादा, आठव, मागच्या वेळीही तुला असंच वाटलं होतं. माझ्या प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे तीन उत्तरं तयार होती आणि खरं सांगायचं तर त्यांतली दोन माझ्या मुद्द्यापेक्षा सरस होती. उन्मादात, म्हणजे मन हाताबाहेर जाऊन धावतं त्या अवस्थेत (मॅनिया), माणसाची बुद्धी बंद पडत नाही, ती सुसाट सुटते. शेवटी मी आवाज चढवला. त्याने एका क्षणात हसू पुसलं आणि म्हणाला, "तुला कुणी पाठवलंय?"

तिथे समजावणं संपलं. मी त्याच्या बाजूची उरले नाही.

आजार असलेल्या माणसाला आपण आजारी आहोत हेच न कळणं, याला वैद्यकात एक नाव आहे, ॲनोसोग्नोसिया. जोसेफ बाबिन्स्की या न्यूरॉलॉजिस्टने १९१४ मध्ये तो शब्द वापरला, तोही मनोविकारासाठी नाही. मेंदूला इजा होऊन डावं अंग लुळं पडलेले काही रुग्ण आपला हात अगदी ठीक आहे असं ठामपणे सांगत, त्यांच्यासाठी. पुढे हाच शब्द स्किझोफ्रेनिया आणि उन्मादातल्या अशाच न-कळण्यासाठी वापरात आला. हे मला त्या रात्री माहीत असतं तर बरं झालं असतं. लुळा हात हलव म्हणून आपण कुणाशी दोन तास वाद घालत नाही.

झेवियर अमाडोर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या स्वतःच्या भावाला स्किझोफ्रेनिया होता आणि आधी वर्षानुवर्षं त्यांनीही भावाशी हुज्जतच घातली. मग ते वेगळ्या निष्कर्षाला आले: आजार मान्य करून घेण्याच्या मागे लागू नका, ज्या एखाद्या गोष्टीवर दोघांचं एकमत आहे ती शोधा आणि तिला धरून पुढे सरका. ऐकायला सोपं वाटतं. पहाटे तीनला, समोर उपटलेले काटे पडलेले असताना, एकमताची गोष्ट शोधून पाहा.

आमची होती, पण मला दिसली नाही. दादा मधून मधून डोळे चोळत होता. "झोप येत नाहीये यार," असं तो त्या दोन तासांत निदान चार वेळा म्हणाला. मी माझ्या पुढच्या मुद्द्याची जुळवाजुळव करत होते.

फोन सुरू झाले. एका रुग्णालयाने सांगितलं, बेड नाही, आणि पेशंट स्वतःहून यायला तयार असेल तर सकाळी ओपीडीत आणा. स्वतःहून! त्या शब्दावर वहिनी हसल्या, त्या रात्रीत एकदाच. ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, मारहाण करतोय का? नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह ओसरला; हो म्हटलं असतं तर तो आलाच नसता, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. काका म्हणाले सकाळपर्यंत थांबा, झोपला की उतरेल. पण झोपतच तर नव्हता.

पोलिसांना बोलवावं का, यावर वहिनी आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजत भांडलो. आज मला वाटतं की हातात काही घेऊन तो कुणाच्या अंगावर गेला असता, किंवा स्वतःला इजा करू लागला असता, तर तो फोन करायलाच हवा होता, आणि करताना पहिल्या वाक्यात 'आजारी आहे, गुन्हेगार नाही, सायरन वाजवू नका' हे सांगायला हवं होतं. त्या रात्री तशी वेळ नव्हती. वेळ होती ती लवकरच तशी होईल या भीतीची. ही मधली जागा फार वाईट असते. उघड हिंसा असली की सगळ्यांना काय करायचं ते कळतं. नुसतंच वेगाने घसरत चाललेलं माणूस असेल तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मग मी खोटं बोलले.

"दादा, वहिनींच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात जायला हवं. तू बरोबर असलास तर बरं."

तो क्षणात उठला. घड्याळ ठेवलं, चपला घातल्या, वहिनींचा हात धरला. गाडीत मागच्या सीटवर तो त्यांना सांगत होता, घाबरू नकोस, मी आहे. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. मी पुढे बसले होते, आरशात मला दोघंही दिसत होती, आणि आपण किती हुशार याचा मला तेव्हा खरोखर अभिमान वाटत होता.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती. पंचविशीची असेल, डोळ्यांखाली तिच्याही काळी वर्तुळं. मी कहाणी सुरू केली: लहानपणापासून कसा हळवा, नोकरीत कसा ताण, घरात कुणाकुणाचं काय झालं. तिने हाताने थांबवलं आणि विचारलं, "शेवटचं नीट झोपला कधी?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मोजायला बसलो. शनिवारी? नाही, शनिवारी तो रात्रभर कपाट लावत होता. शुक्रवारी दोन तास. म्हणजे गुरुवार. चार रात्री. त्यानंतरचे तिचे प्रश्न असेच होते, कोरडे, आणि एकाचंही उत्तर आमच्याकडे धड नव्हतं. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, बंद केलं कधी? ताप आहे? डोक्यावर पडला का? दारू, इतर काही? कुठली नवी गोळी, अगदी सांध्यांच्या दुखण्यावरची सुद्धा? थायरॉइड? आधी कधी दाखल केलं होतं, कुठल्या औषधाने बरं वाटलं, कशाचा त्रास झाला?

मला राग आला होता. मी भावाच्या मनाबद्दल बोलतेय आणि ही ताप विचारतेय. पण ती आधी शरीर तपासत होती, आणि तेच बरोबर होतं. अचानक बरळणारा, माणसं न ओळखणारा रुग्ण दरवेळी मनोरुग्णच असतो असं नाही. रक्तातली साखर घसरली, सोडियम कमी झालं, मेंदूपर्यंत संसर्ग पोचला, दारू एकाएकी थांबवली, तरी माणूस असंच वागू शकतो. म्हातारपणी तर साधा मूत्रमार्गाचा संसर्गही पुरतो. शुद्ध कमी-जास्त होत असेल, दिवस-रात्रीचं भान जात असेल, नसलेल्या गोष्टी डोळ्यांना दिसत असतील, तर डॉक्टर आधी शरीरात कारण शोधतात. म्हणून बोटाला सुई टोचून साखर, मग नाडी, रक्तदाब, ईसीजी. ईसीजी कशाला, म्हणून मी वैतागले. शांत करणारी काही इंजेक्शनं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून.

मग ती दादाकडे वळली. खुर्ची त्याच्या अगदी समोर न ठेवता जराशी तिरकी ठेवली, दार त्याच्या मागे मोकळं राहील अशी. तो गणित सांगत होता, ती ऐकत होती. आणि सहज, पुढचा प्रश्न विचारावा तसं, तिने विचारलं, "या दिवसांत कधी मरून जावं असं मनात आलं?"

मी जवळजवळ ओरडले. असं काय विचारता, तो इतका आनंदात आहे, नसतं त्याच्या डोक्यात घालू नका.

दादा थांबला. चार दिवसांत पहिल्यांदा तो अर्ध्या मिनिटभर गप्प बसला असेल. म्हणाला, "मागच्या मंगळवारी. गच्चीवर."

त्याच मंगळवारी मी त्याच्याशी फोनवर बोलले होते. भलताच खुशीत होता.

विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे आता अभ्यासांनीही पुरेसं दाखवलंय. बहुतेकांना उलट कुणी विचारलं याने हायसं वाटतं. आणि उन्माद व नैराश्य एकाच वेळी एका माणसात नांदू शकतात, तो काळ तर सर्वांत जोखमीचा. तो दोन मिनिटांचा संवाद मी तिथे नसते तर अधिक सरळ झाला असता. घरच्यांनी खोलीबाहेर जावं असं डॉक्टर सांगतात तेव्हा मी आता निमूट उठते.

इंजेक्शनबद्दल लोक खूप घाबरतात, मीही घाबरले होते. तिने आधी दादाला विचारलं, गोळी घेता की इंजेक्शन? निवडीला एवढीशी जागा, पण त्याने ती घेतली. "इंजेक्शन. गोळ्यांनी माझं डोकं जड होतं." दोन औषधं एकत्र दिली, हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन. ही जोडी रिओ दि जानेरो आणि वेल्लोर इथल्या, गर्दीने भरलेल्या, साधनं तोकडी असलेल्या खऱ्याखुऱ्या इमर्जन्सी विभागांत तपासली गेली होती, हे मी नंतर वाचलं आणि मला उगीचच बरं वाटलं. पाऊण तासात तो झोपला. तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळलेला. वहिनींनी तो हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला आणि मग त्या बाहेरच्या बाकावर बसून रडल्या.

आता सह्या. त्याची स्वतःची संमती नाही, तर कुणाच्या अधिकाराने त्याला इथे ठेवायचं? हा प्रश्न जगभर कायद्याने आपापल्या परीने सोडवलाय आणि त्या उत्तरांतून प्रत्येक समाजाची भीती दिसते. कॅलिफोर्नियाच्या १९६७ च्या कायद्यात पहिली मुदत ७२ तासांची. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आणीबाणीच्या उपचारांना ७२ तासच, पण ते मानसोपचारतज्ज्ञानेच द्यावेत असं बंधन नाही, कुणीही नोंदणीकृत डॉक्टर देऊ शकतो. इंग्लंडमध्ये पोलिसांनी सुरक्षित जागी आणलेल्या माणसासाठी ही मुदत एके काळी ७२ तास होती, ती २४ वर आणली. इटलीने १९७८ मध्ये वेड्यांची इस्पितळं बंद करायचा कायदा केला. तिथे सक्तीच्या उपचारांना दोन डॉक्टर लागतात आणि वर शहराच्या महापौराची सही. महापौराची! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग वाटलं, एका माणसाचं स्वातंत्र्य काढून घेताना अख्ख्या शहराच्या वतीने कुणीतरी सही करावी, हे काही फार चुकीचं नाही. माझी सही मी एका चुरगळलेल्या फॉर्मवर, नीट न वाचता, दहा सेकंदांत ठोकली होती.

निकष मात्र बहुतेक ठिकाणी जवळपास सारखा आहे: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, किंवा स्वतःची काळजी घेता न येणं. हा तिसरा भाग लोक विसरतात. दोन दिवस एका जागी बसून राहिलेली, न बोलणारी, पाण्याचा घोटही न घेणारी व्यक्ती कुणाला त्रास देत नाही आणि म्हणून तिला कुणी नेतही नाही. ती कॅटॅटोनिया असू शकते, जिवावर बेतते, आणि योग्य औषध मिळालं तर बरेचदा काही तासांत फरक दिसतो. तसंच बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडालेली, बाळाबद्दल विचित्र काही बोलू लागलेली आई. हजारात एक-दोघींना होतं. 'हळवी झालीय' म्हणून घरात ठेवायचं ते दुखणं नव्हे, त्याच दिवशी न्यायचं.

दादा अठरा दिवस वॉर्डात होता. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वाट पाहणं होतं. उन्माद आवरणारं औषध, लिथियम, परत सुरू केलं. ते पहिल्या दिवसापासून काम करत नाही, आठवडा-दोन आठवडे घेतं, तोवर दुसरी औषधं सांभाळतात. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त काढून प्रमाण बघायचं: साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये असलं तर ठीक, १.५ च्या वर गेलं तर विषबाधेची भीती. इतकी अरुंद पायवाट. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये उन्मादावर लिथियम देण्याबद्दलचा आपला शोधनिबंध छापला. त्याचा पहिला रुग्ण अनेक वर्षं उन्मादात होता, तो इतका सुधारला की घरी गेला, कामाला लागला. मग बरं वाटतंय म्हणून त्याने औषध सोडलं आणि काही महिन्यांत परत आला. दादाने नेमकं हेच केलं होतं. केडच्या पहिल्या रुग्णापासून हे चालत आलंय हे कळल्यावर माझा त्याच्यावरचा राग बराच कमी झाला.

मग तो घरी आला, आणि खोट्याचं बिल आलं.

तो भांडला नाही. त्याहून वाईट, तो विचारू लागला. भाजी आणायला जाऊ म्हटलं की, "खरंच भाजी?" वहिनींना खरोखर ताप आला तेव्हा त्याने थर्मामीटर मागून स्वतः पाहिला. एकदा माझ्या गाडीत बसताना त्याने मागचं दार आतून उघडतं का ते तपासलं, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसलं. सात-आठ महिने असं चाललं. त्या खोट्याने त्याचा जीव वाचवला, असं मी स्वतःला सांगत असे, आणि कदाचित वाचवलाही असेल. पण त्याला गाडीतली एकच गोष्ट आठवत होती: तो बायकोला धीर देत होता आणि बायको खिडकीबाहेर पाहत होती.

घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे आम्हाला सुदैवाने वॉर्डातल्या सिस्टरने बजावून सांगितलं होतं. सगळे सुटकेचा श्वास टाकतात तेव्हाच. गोळ्या वहिनींच्या ताब्यात, एका वेळी आठवड्याच्याच, आणि गच्चीच्या दाराला कुलूप. कुलूप लावताना दादाला सांगून लावलं. तेवढं तरी शिकलो होतो.

पुढच्या वेळी, तीन वर्षांनी, गोळ्या चालू असतानाही ते आलं. पहिल्या रात्री तो अडीच तास झोपला. वहिनींचा मला फोन आला तेव्हा त्यांच्यासमोर वही होती: मागच्या महिन्याच्या झोपेचे तास, औषधांची नावं, डोस, लिथियमचा शेवटचा आकडा. मी गेले. दादा बोलत होता, मी ऐकत होते, आणि जीभ दाताखाली धरली होती. वीसेक मिनिटांनी तो डोळे चोळत म्हणाला, "झोपच येत नाहीये."

म्हटलं, "हो ना. किती दमला असशील."

"दमलोय गं."

"झोपेचं औषध विचारायला जाऊया? मी सरळ सांगते, तिथे ते दाखल व्हा म्हणतील. मलाही तसंच वाटतंय."

तो चिडला. मला नको नको ते बोलला, ते इथे लिहीत नाही. वहिनींनाही बोलला. एक तास गेला, दीड गेला. मनातल्या मनात मी पुन्हा छातीत दुखण्यापर्यंत पोचले होते, वाक्य ओठांवर होतं. वहिनींनी माझ्याकडे पाहून मान हलवली: नाही. मग दादाने स्वतःच चपला घातल्या. "चल. पण मी पुढे बसणार."

दरवेळी असं जमेल असं मला अजिबात म्हणायचं नाही. आम्ही पहिल्याच रात्री हललो होतो, चौथ्या नाही, आणि फरक बहुधा तेवढाच होता. घड्याळाच्या काट्यांच्या त्या पहाटे खरं बोलून तो आला असता का? मला नाही वाटत. मग त्या रात्री काय करायला हवं होतं, यावर वहिनी आणि मी आजही सहमत नाही. त्यांच्या मते दोघा-चौघा नातेवाइकांना बोलावून, तोंडावर सांगून, उचलून न्यायला हवं होतं. मला ते दृश्य कल्पनेतही बघवत नाही.

बरा असताना दादाने एक कागद लिहिलाय. पुन्हा असं झालं तर काय करायचं, कुठलं औषध चालेल, कुठलं नको, निर्णय कुणी घ्यायचा. भारताच्या कायद्यात अशा आगाऊ सूचनेला आणि असा प्रतिनिधी नेमण्याला मान्यता आहे, इतरही काही देशांत आहे. डॉक्टरांशी बोलून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन त्याने तो रीतसर केला. निर्णयासाठी त्याने वहिनींचं नाव घातलं, माझं नाही. मी कारण विचारलं नाही. सहाव्या कलमात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलंय: "मला फसवून नेऊ नये. खरं सांगितलं तर मी भांडेन. भांडू द्यावं."

झोपेची वही आता तोच लिहितो. मागच्या महिन्यात एका रात्री त्याचा मला फोन आला. "आज साडेचारच झाली. घाबरू नकोस, सकाळी डॉक्टरांना फोन करतोय."

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि गाडीची किल्ली उशाशी घेऊन पडले. साडेसातला त्याचा मेसेज आला: सहा.